फाल्गुनरावांचे साक्षीदार

संगीत नाटकं पाहत मोठ्या झालेल्या कुणालाही विचारावं, ‘संशयकल्लोळ’ पहिल्यांदा कुठे पाहिलंत? उत्तर गावाच्या, नाट्यगृहाच्या आणि नटाच्या नावानेच सुरू होतं. गिरगावात, साहित्य संघात, छोटा गंधर्वांचं. पुण्यात, भरतला. सांगलीत, भावे नाट्यमंदिरात. गोव्यात, म्हार्दोळला जत्रेत, पालखी झाल्यावर. मग पदांची यादी येते, कोणत्या पदाला किती वन्समोअर पडले त्याचा हिशेब येतो. हे सगळं बोलून झालं, चहा आला, माणूस जरा सैलावून बसला की मग दुसरीच आठवण वर येते. ती गाण्याची नसते. तसबीर हातात आल्यावर संशयी नवरा फाल्गुनराव ती आधी लांब धरून आणि मग अगदी डोळ्यांपाशी आणून कशी पाहायचे. त्यांचा नोकर भादव्या मालकाला एक आणि मालकिणीला दुसरंच सांगून दोघांच्या मधून कसा सटकायचा, अशी ती आठवण असते. ती बसून सांगता येत नाही. सांगणारा उठतो, धोतराचा सोगा नसला तरी असल्यासारखा धरतो आणि करून दाखवतो.

गेली अनेक वर्षं मी अशा आठवणी ऐकत आले आहे. काही घरातल्या, काही नाटकाच्या मध्यंतरात शेजारच्या खुर्चीवरून आलेल्या, काही मुद्दाम जाऊन विचारलेल्या. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. या नाटकातली गाणी तबकड्यांनी आणि आकाशवाणीने जपली; त्यातलं हसू मात्र प्रेक्षकांनीच जपलं. गाण्याला स्वरलिपी आहे, ध्वनिमुद्रण आहे, घराणं आहे, शिष्य आहेत. विनोदाच्या जागेला यातलं काहीच नाही. १९५०-६०च्या दशकात फाल्गुनरावांची बायको कृत्तिका खिडकीतून खाली पाहताना किती वेळ गप्प राहायची, हे कुठल्याही तबकडीवर सापडणार नाही. ते पाहणाऱ्याच्या अंगात राहिलं आहे.

नाटकाची जन्मकथा ठाऊक असलेल्यांनी थोडं सबुरीने घ्यावं, कारण ती पुन्हा सांगितल्याशिवाय पुढचं नीट सांगता येणार नाही. गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, जन्म १८५५चा. त्यांनी सात नाटकं लिहिली. त्यातलं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’, म्हणजे ‘संशयकल्लोळ’चं पहिलं रूप, हे १८९३ सालचं, आणि ते गद्य होतं. त्याचं मूळ आर्थर मर्फी या नाटककाराच्या लंडनमध्ये १७६१ साली रंगभूमीवर आलेल्या ‘ऑल इन द राँग’ या प्रहसनात आहे, आणि मर्फीचं मूळ मोलिएरच्या १६६०च्या ‘स्गानारेल’मध्ये. म्हणजे एका संशयी नवऱ्याची ही गोष्ट पॅरिसहून लंडनला गेली आणि सव्वादोनशे वर्षांनी महाराष्ट्रात येऊन अंगरखा घालून बसली. देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं दिली. पुरुष महिन्यांचे: फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या. बायका नक्षत्रांच्या: कृत्तिका, रेवती, मघा, रोहिणी. शाळेत असताना आम्ही भावंडं या नावांवरून पंचांग पाठ करायचो, आणि भाद्रपदाचा ‘भादव्या’ झाला की नुसत्या नावालाच हसायला यायचं. नोकराला कुणीही पूर्ण नावाने हाक मारत नाही, हे देवलांनी अचूक टिपलं होतं.

गोष्ट साधी आहे. श्रीमंत तरुण अश्विनशेठ आणि रेवती यांचं प्रेम आहे, आणि अश्विनशेठांनी तिला आपली तसबीर दिली आहे. फाल्गुनरावांच्या घरासमोर रेवतीला भोवळ येते. फाल्गुनराव माणुसकीने तिला सावरतात. नेमकी त्याच वेळी त्यांची बायको कृत्तिका खिडकीत असते. गडबडीत तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि ती पाहत असताना मागून फाल्गुनराव येतात. नवऱ्याच्या डोक्यात बायकोबद्दल किडा, बायकोच्या डोक्यात नवऱ्याबद्दल. आपली तसबीर भलत्याच घरात गेल्याचं कळल्यावर अश्विनशेठांच्या मनात रेवतीबद्दल संशय, आणि रेवतीच्या मनात अश्विनशेठांबद्दल. चौघंही खोटं बोलत नाहीत. चौघांनीही जे पाहिलं ते खरंच पाहिलं, फक्त अर्धं पाहिलं. पूर्ण पाहिलेलं असतं ते एकट्या प्रेक्षकाने.

या नाटकाची सगळी गोडी इथे आहे असं मला वाटतं. रहस्य कुठेच नाही. तसबीर कुणाची, कुणी दिली, कशी पडली, हे पहिल्या काही मिनिटांत पाचशे माणसांना माहीत होतं. पुढचे तीन तास ती पाचशे माणसं एकच गोष्ट करत बसतात: रंगमंचावरच्या चौघांना कधी कळतंय याची वाट पाहतात. म्हणून तर हे नाटक दहा वेळा पाहता येतं. शेवट आधी कळला म्हणून ज्याची मजा जाते, त्या जातीचं हे नाटक नव्हेच. माझ्या ओळखीच्या एका आजी प्रत्येक प्रयोगाला फाल्गुनराव तसबीर उचलणार त्याच्या आधीच हसायला सुरुवात करायच्या आणि शेजारचे त्यांच्याकडे वळून पाहायचे. त्यांना पुढचं दिसत असायचं.

देवलांचं मोठेपण मला आणखी एका जोडीत दिसतं. १८९० साली त्यांनी ‘झुंजारराव’ लिहिलं. ते शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं मराठी रूप. तीनच वर्षांनी ‘फाल्गुनराव’. दोन्हींत नवरा, बायको, संशय आणि एक चुकीच्या हाती पडलेली वस्तू. तिथे रुमाल, इथे तसबीर. एकीकडे त्या संशयापायी निरपराध बायकोचा जीव जातो, दुसरीकडे घरभर धावपळ होऊन शेवटी सगळे समोरासमोर येतात आणि पडदा पडतो. एकाच माणसाने एकाच दुखण्याची ही दोन्ही टोकं इतक्या जवळजवळ लिहावीत, याची दखल आपण पुरेशी घेतलेली नाही. फाल्गुनरावाला हसताना प्रेक्षकाच्या पोटात कुठेतरी एक बारीक गोळा येतो, कारण हा माणूस बायकोच्या बाबतीत खरोखर क्रूर होऊ शकला असता. तो होत नाही, कारण देवलांना त्याची कीव आहे.

रेवतीबद्दलही सांगायला हवं. ती कुलीन घरातली नाही. मघा नायकिणीची मुलगी आहे. मर्फीच्या नाटकातली नायिका सभ्य घरची तरुणी आहे. १८९३च्या महाराष्ट्रात पांढरपेशा घरातली लग्नाच्या वयाची मुलगी प्रियकराला भेटते, रुसते, भांडते, जाब विचारते, हे दाखवणं अवघड होतं, कारण तशा घरात लग्नाच्या वयाची अविवाहित मुलगी म्हणजे आठ-दहा वर्षांचं पोर. म्हणून देवलांनी रेवतीला त्या घरातून बाहेर काढलं. त्यातून आपोआप एक गंभीर धागा आला: गणिकेच्या मुलीशी लग्न करण्याचा. पुढे १८९९ साली ‘शारदा’ लिहून जरठ-कुमारी विवाहावर घाव घालणारा हा लेखक. त्याच्या हातून रेवती नुसती शोभेची बाहुली झाली नाही. अश्विनशेठांच्या घरची गृहिणी होण्याची तिची ओढ आणि आपल्याला कायम बाहेरचीच समजतील ही तिची भीती, दोन्ही नाटकात आहेत. जुन्या प्रेक्षकांपैकी बायकांनी सांगितलेल्या आठवणींत हे हमखास येतं. पुरुष सहसा पदांवर थांबतात.

पदं आली ती १९१६ साली. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीला नवं संगीत नाटक हवं होतं. देवलांनी आपलंच जुनं प्रहसन घेतलं आणि त्यात पदं घातली. १४ जून १९१६ रोजी देवल गेले. ‘संगीत संशयकल्लोळ’ त्याच वर्षी नंतर रंगभूमीवर आलं. लेखकाने स्वतःच्या नाटकाचं हे रूप प्रेक्षकांत बसून पाहिलंच नाही. मराठी रंगभूमीवरच्या ज्या घटनांचं मला मनापासून वाईट वाटतं, त्यातली ही एक. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना तालमी दिल्या, वाक्य कुठे तोडायचं आणि नजर कुठे लावायची हे नटांना शिकवलं, त्याच्याच हातच्या सगळ्यात हसऱ्या नाटकाला तो नव्हता.

रेवती झाले बालगंधर्व आणि फाल्गुनराव झाले गणपतराव बोडस. बोडसांकडे पाहिलं की या भूमिकेचं वजन कळतं. १९११ च्या ‘मानापमान’मधला लक्ष्मीधर त्यांचा, आणि १९१९ च्या ‘एकच प्याला’मधला सुधाकरही त्यांचाच. भित्रा डौलबाज लक्ष्मीधर, संशयी फाल्गुनराव आणि दारूत बुडणारा सुधाकर, असा हा एका नटाचा आठ वर्षांतला प्रवास. देवलांच्या तालमीत घडलेला नट असल्यामुळे विनोदासाठी त्यांना हातवारे लागत नसत, असं जुन्या माणसांच्या सांगण्यातून कळतं. ‘माझी भूमिका’ हे त्यांचं आत्मचरित्र आजही वाचावं असं आहे. नट आपल्या कामाकडे कारागिराच्या डोळ्यांनी कसा पाहतो ते त्यात दिसतं.

त्या काळचा प्रेक्षक आता हयात नाही. त्याच्या आठवणी नातवंडांच्या तोंडूनच येतात, आणि त्या नाटकाइतक्याच नाट्यगृहाच्या असतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं. प्रेक्षागृहात अत्तराचा फवारा असायचा. बायकांची बसायची जागा वेगळी. बालगंधर्वांचे शालू, पैठण्या, दागिने, अंबाड्यावरची फुलं घरी गेल्यावर आरशासमोर उतरायची. पुरुषाने रंगमंचावर नेसलेली साडी पाहून घरंदाज बायकांनी नेसण्याची पद्धत बदलावी, हे आपल्याच रंगभूमीवर घडलं. साथीला ऑर्गन आणि सारंगी. पुढच्या काळात तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. बडोद्याच्या गायकवाडांचा राजाश्रय कंपनीला होता, आणि मुक्काम पुण्या-मुंबईपासून नागपूर, इंदूर, बेळगाव, हुबळी असे लांबलांब पडायचे. मराठी न समजणारा कानडी माणूसही पदं ऐकायला यायचा. फाल्गुनराव त्याला बहुधा भाषेवाचूनच कळत असणार.

आता ज्यावरून जुन्या प्रेक्षकांशी माझा नेहमी वाद होतो, तो मुद्दा. वन्समोअर.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९३१-३२ मध्ये बोलपट आले, नाटक कंपन्या एकेक करून बसल्या, गंधर्व नाटक मंडळीही पुढच्या काही वर्षांत बंद झाली. १९४३ साली सांगलीत मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाली, मुंबईत डॉ. अ. ना. भालेरावांच्या पुढाकाराने साहित्य संघाने नाट्यमहोत्सव भरवायला घेतले आणि जुन्या नाटकांत पुन्हा जीव आला. या दुसऱ्या जन्मात ‘संशयकल्लोळ’ अश्विनशेठांचं झालं, आणि त्याचं कारण छोटा गंधर्व. सौदागर नागनाथ गोरे हे त्यांचं खरं नाव, जन्म १९१८चा. बालमोहन नाटक मंडळीत मुलांच्या भूमिकांपासून सुरुवात केलेला हा गायक नट दरबारी कानड्यातलं ‘मृगनयना’ म्हणायला लागला की नाट्यगृहाची मैफल व्हायची. त्यांना ऐकलेली माणसं आजही हाताने तानेचं वळण काढून दाखवतात. एका पदाला तीन-तीन, चार-चार वन्समोअर, आणि दर वेळी पद नव्याने उलगडलेलं. ज्यांनी ते ऐकलं त्यांच्या भाग्याचा मला हेवा वाटतो.

पण वन्समोअर पडला की रंगमंचावर काय होतं ते पाहिलं पाहिजे. ऑर्गनवाला पुन्हा स्वर धरतो. रेवतीचं पद असेल तर अश्विनशेठ उभे, अश्विनशेठांचं असेल तर रेवती बसलेली. तिने अर्धा तास चेहऱ्यावर काय ठेवायचं? विंगेत फाल्गुनराव प्रवेशाच्या तयारीत काठी धरून थांबलेले. मागच्या प्रवेशात प्रेक्षकाच्या मनात जो संशयाचा धागा ताणून ठेवला होता, तो या अर्ध्या तासात सैल पडतो. चांगला फाल्गुनराव असेल तर प्रवेश करताच पहिल्या दोन वाक्यांत तो पुन्हा ताणून घेतो. साधारण नट असेल तर ते त्याला जमत नाही, आणि मग गद्य म्हणजे दोन पदांमधली प्रतीक्षा होऊन बसते. लोक सुपारी कातरायला बाहेर जातात. मी लहानपणी असे प्रयोग पाहिले आहेत जिथे भादव्याच्या प्रवेशाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि अश्विनशेठांच्या पदाला दारात उभं राहायला जागा नाही.

देवलांनी गद्य प्रहसन आधी लिहिलं आणि पदं तेवीस वर्षांनी घातली, हे लक्षात ठेवलं तर या नाटकाचा कणा कुठे आहे ते कळतं. पदं काढली तरी ते उभं राहतं. विनोद काढला तर उरते ती नाट्यसंगीताची मैफल, आणि ती कितीही गोड असली तरी तिला ‘संशयकल्लोळ’ म्हणू नये. तबकडीने हा तोल आणखी बिघडवला. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्यात पद बसायचं. प्रवेश बसत नसे. पुढच्या पिढ्यांनी नाटक पाहण्याआधी गाणी ऐकली, आणि नाट्यगृहात ती त्या गाण्यांची ओळख पटवायला गेली.

तरीही नाटक टिकलं ते करणाऱ्यांच्या चिकाटीने. पुण्यात जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ साली ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली आणि संगीत नाटकं पडत्या काळातही गावोगाव नेली. जयमालाबाईंनंतर कीर्ती शिलेदारांनी तोच वसा शेवटपर्यंत चालवला. एसटीच्या गाडीत पेट्या आणि पडदे, दुपारी गावात पोचायचं, संध्याकाळी रंगभूषा, रात्री प्रयोग, हे या कुटुंबाचं जगणं होतं. तालुक्याच्या गावी पाहिलेल्या ‘संशयकल्लोळ’ची आठवण सांगणारे अनेकदा त्यांचंच नाव घेतात. भरत नाट्य मंदिराने हौशी कलावंतांना घेऊन संगीत नाटकांची परंपरा पुण्यात चालू ठेवली. मुंबईत साहित्य संघाच्या मंचावर पिढ्यान्‌पिढ्या प्रयोग होत राहिले. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं, त्या आठवड्यात कोल्हापूरकर माणसं एकमेकांना जे सांगत होती ते इमारतीबद्दल कमी आणि तिथे पाहिलेल्या नाटकांबद्दल जास्त होतं. कोणत्या रांगेत बसलो, कुणाबरोबर गेलो, परत येताना काय खाल्लं. रंगभूमीचा खरा दस्तऐवज असाच तोंडी असतो.

सगळ्यात जिवंत आठवणी मात्र मला गोव्यात मिळाल्या. माझं आजोळ फोंड्याच्या बाजूचं. तिथे संगीत नाटक म्हणजे तिकीट काढून पाहायची गोष्ट नव्हे. ते जत्रेचं अंग आहे. देवाची पालखी फिरून आली, लोक जेवले, की मध्यरात्रीच्या सुमारास मंडपात नाटक उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. नट गावातलेच: कुणी शाळामास्तर, कुणी काजूच्या बागेचा मालक, कुणी बँकेत कारकून. अश्विनशेठांसाठी गाणारा मात्र गाणाराच हवा, त्यात तडजोड नाही. रामदास कामत, प्रसाद सावकार यांच्यासारखे गायक नट ज्या भूमीने दिले, तिथल्या मंडपात बेसूर अश्विनशेठाला लोक पहाटेपर्यंत सहन करतील अशी आशा कुणी ठेवू नये. संवाद मराठीत, पण प्रेक्षकांतून येणारी दाद कोंकणीत. फाल्गुनराव तसबीर लपवायला लागला की मंडपाच्या मागच्या बाजूने कुणीतरी त्याला कोंकणीतून सल्ला देतंच, आणि त्या सल्ल्याला सगळा मंडप हसतो.

माझे एक मामा त्या नाटकात प्रॉम्प्टर होते. त्यांनी कधी रंग लावला नाही. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर वही आणि हातात पेन्सिल घेऊन त्यांनी गावाची नाटकं सांभाळली. त्यांची ‘संशयकल्लोळ’ची वही मी पाहिली आहे. छापील पुस्तकाची पानं सुटी करून जाड वहीत चिकटवलेली, कडेला पेन्सिलीने खुणा. जिथे हशा यायचा तिथे एक आडवी रेघ. मोठा हशा असेल तर दोन रेघा. काही ठिकाणी ‘थांबणे’ असं लिहिलेलं, म्हणजे हसू ओसरेपर्यंत पुढचं वाक्य द्यायचं नाही. एका जागी आधीची रेघ खोडून ती दोन ओळी खाली घेतली होती. मी विचारलं, हे काय? मामा म्हणाले, “अगो, आधी लोक फाल्गुनरावाच्या वाक्याला हसायचे. मग आम्हांला नवा भादव्या मिळाला. तो वाक्य ऐकून काहीच करायचा नाही, नुसता मालकाकडे बघत राहायचा. त्या वर्षापासून हशा तिथे यायला लागला.”

देवलांच्या संवादात भादव्याला तिथे एक अक्षर नव्हतं. एका शेतकऱ्याच्या पोराने गप्प राहून नाटकात हशाची जागा निर्माण केली, आणि ती नोंद जगात फक्त त्या वहीच्या कडेला होती. छोटा गंधर्वांच्या तानेची नोंद शेकडो घरांत आहे. ती असावीच. पण ही पेन्सिलीची रेघही तितकीच मोलाची आहे असं मी मानते, आणि अशा किती वह्या वाळवीने खाल्ल्या असतील या विचाराने जीव हळहळतो. संगीत नाटकांवर काम करणाऱ्या संस्थांनी नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रणाइतक्याच आस्थेने प्रॉम्प्टरांच्या वह्या गोळा केल्या पाहिजेत. अजून काही शिल्लक असतील, गोव्यात तर नक्कीच.

घरात बसून ‘संशयकल्लोळ’ ओळखीचं झालेली एक पिढी आहे, तिच्याबद्दल थोडक्यात. आकाशवाणीवरून नाट्यसंगीत, कधी पूर्ण नाटकाचं श्राव्य रूप, वडिलांनी रेडिओजवळ टेपरेकॉर्डर ठेवून केलेली कॅसेट, मधेच आलेली कुकरची शिट्टी. परदेशी स्थायिक झालेल्या अनेकांच्या सामानात अशा कॅसेट गेल्या, आणि तिकडच्या महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवांत नाट्यपदं गाणाऱ्यांना त्यांनीच शिकवलं. या पिढीने नाटक कानांनी पाहिलं. त्यांना फाल्गुनरावांचा आवाज येतो, चेहरा येत नाही.

गेल्या दशकात निपुण धर्माधिकारीच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा आलं. राहुल देशपांडे अश्विनशेठ आणि प्रशांत दामले फाल्गुनराव. मला तो प्रयोग मनापासून आवडला. कारण सांगते. वेळ कमी केली होती, पदं निवडून ठेवली होती, आणि सगळ्यात महत्त्वाचं, हास्यनाटकाची गती परत आणली होती. दामल्यांना प्रेक्षकाचं हसू नेमकं किती वेळ चालणार हे आतून कळतं. ते हसू पूर्ण ओसरण्याआधी, पण ऐकू येईल इतकं ओसरल्यावर, पुढचं वाक्य टाकतात. पदानंतर फाल्गुनराव आले की लोक घड्याळ पाहत नव्हते. माझ्या शेजारी कॉलेजातली दोन मुलं बसली होती. नाट्यसंगीत त्यांना नवं होतं हे उघड दिसत होतं. पण तसबीर हातातून हातात जायला लागली तेव्हा ती पुढे वाकून पाहायला लागली. एकाच्या तोंडून निघालं, “अरे, त्याला विचार ना सरळ!” शंभर वर्षांपूर्वीही कुणीतरी हेच म्हटलं असणार. नुसत्या फोटोवरून भांडणं होतात हे आजच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही.

जुन्या रसिकांपैकी काहींना हा प्रयोग पटला नाही. पदं कमी, आलापी कमी, ऑर्गनचा तो भरदार स्वर नाही, अशी तक्रार. त्यांच्या कानांत जे साठलं आहे ते पाहता तक्रार समजते. पण त्यांच्यापैकीच एकाने, साहित्य संघात तरुणपणापासून नाटकं पाहिलेल्या गृहस्थांनी, मला एक गोष्ट कबूल केली. त्यांनी हे नाटक इतक्या वेळा पाहिलं होतं, पण अश्विनशेठ आणि रेवतीचं भांडण नेमकं कशावरून होतं हे त्यांना या प्रयोगात पहिल्यांदा सलग कळलं. आधीच्या प्रत्येक प्रयोगात त्या ठिकाणी ते पुढच्या पदाची वाट पाहत असायचे.

या सगळ्या आठवणी एकत्र मांडल्या की एक रिकामी जागा मात्र ठळक दिसते, आणि ती कृत्तिकेची. अश्विनशेठ कोण होते ते सगळे सांगतात. रेवती कोण ते सांगतात. फाल्गुनराव कोण ते सांगतात, भादव्या कोण तेही सांगतात. कृत्तिका कोण होती असं विचारलं की बहुतेक जण थांबतात. रेवती-अश्विनशेठांच्या तोडीची गाजलेली पदं तिच्या वाट्याला आली नाहीत, म्हणून तबकडी नाही. आणि फाल्गुनरावासमोर उभं राहून त्याच्या हशाला आधार देण्याचं काम तिचं, म्हणून टाळ्या त्याला. पण नाटक सुरू होतं ते तिच्या खिडकीतून. तिने खाली पाहिलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. तिचा संशय फाल्गुनरावाच्या संशयाइतकाच वेडा आहे, पण त्याला कारण आहे: नवरा चोवीस तास पाळत ठेवणारा, घराबाहेर पाऊल टाकायची चोरी, आणि करमणूक म्हणजे ती एक खिडकी. ‘झुंजारराव’मधल्या बायकोला आपली बाजू मांडायला वेळच मिळत नाही. कृत्तिका नवऱ्याला तोडीस तोड भांडते, त्याचे कपडे तपासते, नोकराला फितवते, तोंडावर जाब विचारते. १८९३ सालच्या नाटकात नवऱ्याचा हिशेब असा मागणारी बायको आणि त्यावर हसणारे, म्हणजे तिच्या बाजूने हसणारे प्रेक्षक, हे मला पदांइतकंच अपूर्व वाटतं.

आजोळच्या मंडपात कृत्तिकेचं काम करणाऱ्या एका शिक्षिकेला मी पाहिलं आहे. रेवतीला सावरणारा नवरा दिसल्यावर ती ओरडली नाही, कपाळाला हात लावला नाही. खिडकीच्या गजावर वाळत घातलेला पंचा तिने काढला, त्याची शांतपणे घडी घातली, आणि मग खाली पाहिलं. बायकांच्या बाजूने आधी हसू आलं. पुरुषांच्या बाजूला ते पोचायला थोडा वेळ लागला, आणि मामांनी विंगेत पेन्सिल उचलली.